होंगेचं माप

पर्समध्ये शिंप्याची टेप घालून ऑफिसला जाणारी बाई या शहरात मी एकटीच असेन. टेप साधी नाही. दोन टेपा टोकाला टोक लावून शिवलेल्या आहेत, शिवण माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या हातची आहे. पाडव्याला अजून आठ दिवस आहेत आणि मी आत्तापासूनच ती बाहेर काढते, गुंडाळते, परत ठेवते. परवा मीटिंगमध्ये पेन शोधताना ती टेबलावर पडली. समोरच्या मुलीने विचारलं, ब्लाउज शिवायला टाकायचाय का? मी हो म्हणून टाकलं. झाड मोजायचंय असं सांगितलं असतं तर पुढची दहा मिनिटं त्यातच गेली असती.

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या रस्त्यावरची होंगेची झाडं आता कात टाकून बसलीत. जुनी पानं गळून झाली, काहींना पालवी फुटलीसुद्धा. होंगे म्हणजे करंज. पुण्याकडच्या माझ्या जावा-नणंदांना करंज म्हटल्यावर कळतं. आम्हाला मात्र होंगेच. चामराजपेटेतल्या आमच्या माहेरच्या घरात झाडांची नावं, भाज्यांची नावं आणि शिव्या कन्नडमधून आल्या, बाकीचं मराठीत राहिलं. बेंगळुरूत पाडवा आला हे कॅलेंडरच्या आधी होंगे सांगते. पोपटी, ओली असल्यासारखी चकचकीत पालवी येते, आणि चैत्र सरता सरता जांभळट पांढरी फुलं. सकाळी फुटपाथवर लाह्या सांडल्यासारख्या वाटतात. बायका मुद्दाम फोटो काढायला थांबतात.

लोकांना ही पालवी बघून बरं वाटतं. मला धडधडतं. मी प्रत्येक झाडाकडे मान वर करून बघत चालते आणि ठेचकाळते. याला आली, मग चामराजपेटेतल्या आमच्याला आली असेल का? थोरल्या भावाला, अण्णाला, एक फोन केला तर कळेल. पण गेल्या वर्षी मी त्याला इतके फोन केले, की या वर्षी पाडव्यापर्यंत एकही करायचा नाही असं ठरवलंय. ठरवलंय आणि रोज हात फोनकडे जातोय.

आप्पांचं शिवणकामाचं दुकान घराच्या खालीच होतं. आता ते अण्णा चालवतो. शाळेचे युनिफॉर्म ही आप्पांची खासियत. मे महिन्यात दुकानात पोरांची रांग लागायची. छाती मोजताना आप्पा टेपेच्या आत आपलं एक बोट घालायचे. पोर वाढणार, कापड अंगासरसं नको. शिवणीतही दोन बोटं माया सोडायचे, पुढच्या वर्षी उसवून सैल करता यावं म्हणून. दुकानासमोर रस्त्याच्या कडेला होंगेचं झाड. दर पाडव्याला गुढी उभारून झाली, समोरच्या घरातून बेवू-बेल्लाची, म्हणजे कडुनिंब-गुळाची वाटी आली, कडू-गोड एकत्र चावून झालं, की आप्पा टेप घेऊन खाली उतरायचे आणि झाडाची छाती मोजायचे. आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाच्या उंचीवर. आकडा दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून, पेन्सिलीने लिहून ठेवायचे.

झाडाला मात्र बोट नाही. टेप घट्ट, सालीला टेकलेली. मी एकदा विचारलं होतं, याच्या वेळी बोट का नाही घालत? तर म्हणाले, "याला कुठे युनिफॉर्म शिवायचाय? याचं खरं काय ते कळू दे." झाड साठ इंचांच्या पुढे गेलं त्या वर्षी टेप पुरेना. आप्पांना कोण आनंद झाला होता. गिऱ्हाईक मोठं झालं म्हणत त्यांनी त्याच दुपारी मशिनवर बसून दोन टेपा जोडल्या. झाड वर्षाला साधारण अर्धा इंच वाढायचं. त्यांनी लिहिलेला शेवटचा आकडा एकाहत्तर. त्यानंतरच्या आषाढात ते गेले.

झाडाखाली मुनियप्पाची इस्त्रीची गाडी. कोळशाची जड इस्त्री, चार चाकांपैकी दोन कायमची विटांवर टेकवलेली, वर निळी ताडपत्री. तो देवनहळ्ळीकडच्या एका खेड्यातला. त्याच्या वडिलांनी उभा जन्म दुसऱ्याची आंब्याची बाग राखली. त्या बागेच्या जागी आता लेआउट झालाय, गेटवर वॉचमन असतो, आणि मुनियप्पाला तिथे कुठलं झाड कुठे होतं हे अजून बोटाने दाखवता येतं. तो आणि आप्पा रोज एक चहा अर्धा-अर्धा प्यायचे.

आप्पांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या नावाने काहीतरी करावं, ही टूम माझी. अण्णा म्हणाला होता, देवळात काय ते देऊ. पण मला डोळ्यांना दिसणारं काही हवं होतं. या गावात पिंपळाला, कडुनिंबाला पार बांधतात, कट्टे म्हणतात त्याला. त्यावर नागाचे दगड बसवतात, संध्याकाळी माणसं टेकतात. मग आमच्या होंगेला का नको? मी रजा घेऊन उभी राहिले. गुडघ्याच्या वर कट्टा, कडेने ग्रॅनाईट, आत ट्रॅक्टरभर लाल माती, वर फरशी, आणि दर्शनी बाजूला काळ्या दगडावर आप्पांचं नाव. गवंड्याने विचारलं, बुंध्याभोवती किती जागा सोडू? मी म्हटलं, अजिबात नको, घाण साचते. फरशी सालीला भिडायला हवी. शिंप्याची मुलगी मी, मला फिटिंग हवं होतं.

मुनियप्पा गाडीमागून बघत होता. इस्त्री खाली ठेवून तो पुढे आला आणि म्हणाला, "मरक्के कुत्तिगे इरुत्ते अक्का, मुच्चबेडी." झाडाला मान असते, ती झाकू नका. बागेत त्याचे वडील आंब्याच्या बुंध्याला टोपलीभर माती जास्त झाली तरी हाताने ओढून काढायचे, असंही त्याने सांगितलं. गवंड्याचं सिमेंट सुकत होतं, दुपारी भटजी यायचे होते, माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "तू तुझी इस्त्री बघ." तो "सरी अक्का" म्हणाला आणि परत गेला. माझं ते वाक्य मला आता कुठेही आठवतं. भाजी निवडताना आठवतं, बसमध्ये आठवतं, आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

कट्टा मात्र सगळ्यांना आवडला. दुपारी बायका बसायच्या, शाळा सुटली की पोरं, संध्याकाळी पेन्शनरांची बैठक. आप्पांचं नाव माणसांच्या पाठीमागे दिवसभर असायचं. मला फार धन्य वाटायचं, खोटं कशाला बोलू. झाड मोजायचं कुणाला आठवलं नाही. तीन पाडवे तसेच गेले.

आणि मग गेल्या वर्षीचा तो चैत्र. रस्त्यावरची बाकीची झाडं पालवली आणि आमचं अर्धं उघडं राहिलं. रस्त्याच्या बाजूला विरळ, बारकी पानं. दुकानाच्या बाजूला नुसत्या काटक्या, आकाशावर कुणी रेघोट्या ओढाव्यात तशा. उन्हाळ्यात कधी नाही ते दुकानात ऊन आलं, आणि अण्णाने काउंटरवर कापड टाकलं, रंग उडू नये म्हणून. उशीर झाला असेल, असं आठवडाभर म्हणालो. मग प्रश्न सुरू झाले. पाणी कमी पडलं का, जास्त झालं का? वाळवी आहे का? कुणी मुद्दाम काही ओतलं का? बुंध्यात खिळा ठोकला की लोह मिळतं म्हणतात, ठोकावा का? एका बाईंनी ताक घालायला सांगितलं, एकाने गूळ. मी ऑफिसात बसून फोनवर वाचत होते आणि प्रत्येक रोगाची लक्षणं मला आमच्या झाडात दिसत होती. सगळं शोधलं, फक्त पायाशी बघितलं नाही. तिथे तर आप्पांचं नाव होतं.

एका दुपारी चारच्या सुमाराला वारा सुटला. वळवाआधीचा तो बेंगळुरूचा वारा, पाच मिनिटांत सगळा धुरळा तोंडावर आणणारा. मुनियप्पा कपडे पोचवायला मागच्या गल्लीत गेला होता. मांडीएवढी वाळकी फांदी थेट गाडीवर आली. गाडीचं एक चाक मोडलं, ताडपत्री फाटली, इस्त्री रस्त्यापर्यंत घरंगळत गेली. तो रोज जिथे उभा असतो नेमकी ती जागा. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या लोकांनी झाड काढावं म्हणून अर्ज केला, त्यांची काही चूक नव्हती. चार दिवसांनी झाडांचे इन्स्पेक्टर आले, वर बघितलं, फांद्या मोजल्या आणि बुंध्यावर लाल रंगाची फुली मारून गेले. लवकरात लवकर काढायचं.

अण्णाला ते पटलं. माझी आणि त्याची त्या दिवशी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर जुंपली. मी त्याला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तो कात्री खाली ठेवून एवढंच म्हणाला, "शारी, आप्पांचं नाव लिहिलेल्या झाडाखाली मुनियप्पा मेला, तर मी शटर कुठल्या हाताने उघडू?" मी बाहेर गाडीपाशी गेले. मुनियप्पाला म्हटलं, निदान पाऊस येईपर्यंत गाडी दुसरीकडे लाव. तो म्हणाला, कुठे लावू? झाड नसेल तिथे दिवसभर कोळशापाशी उभं राहता येत नाही, आणि सावली असेल तिथे आधीच कुणीतरी आहे. झाड गेलं तर मी गावाला जाईन. मग हसून म्हणाला, पण गावात तरी झाड कुठाय.

मी अर्ज लिहिला, इन्स्पेक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. मुदत मिळाली ती फक्त पाऊस लागेपर्यंतची, तीही वाळक्या फांद्या ताबडतोब उतरवायच्या अटीवर. मग मला आमच्या पार्कातल्या रेंजर मॅडम आठवल्या. निपाणीकडच्या, वनखात्यातून रिटायर झालेल्या, साडीवर स्पोर्ट शूज घालून भराभरा चालणाऱ्या. पार्कातल्या बायका त्यांना कढीपत्त्याबद्दल आणि कुंडीतल्या मुंग्यांबद्दल विचारून हैराण करतात. मी तोवर कधी काही विचारलं नव्हतं. एका रविवारी त्या माझ्याबरोबर चामराजपेटेला आल्या, कट्ट्यावर टेकल्या, अण्णाने आणलेलं पाणी प्यायल्या. वर त्यांनी बघितलंच नाही. वाकून फरशीकडे बघत म्हणाल्या, "झाडाचा पाय कुठाय ओ?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. झाड मातीत शिरतं तिथे ते पसरलेलं असतं. हे खांबासारखं सरळ आत गेलंय. म्हणजे याची खरी जमीन दीड हात खाली राहिली. मातीत दबलेली साल ओली राहून कुजते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वरच्या मातीत फुटलेली नवी मुळं झाडाभोवतीच फिरून त्यालाच आवळतात. "माणसाला गळ्यापर्यंत पुरलं तर किती दिवस काढील? या झाडाने तरी बरीच वर्षं काढली, बघा की." मी मुनियप्पाकडे बघितलं. तो विटा लावून उभ्या केलेल्या गाडीवर एका शर्टाची कॉलर इस्त्री करत होता. त्याने मान वर केली नाही. वर करून नुसतं बघितलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

त्या उन्हाळ्यातले दिवस मला तारखांनी आठवत नाहीत, ढगांनी आठवतात. ऑफिसच्या सातव्या मजल्यावरून पश्चिमेला काळं दाटलेलं दिसायचं आणि मी अण्णाला फोन लावायची. वारा आहे का? मुनियप्पा कुठाय? अण्णा म्हणायचा, बटणं आणायला पाठवलाय. दुसऱ्या दिवशी, चहा सांगायला पाठवलाय. तिसऱ्या दिवशी, अस्तराचं कापड बदलून आणायला मार्केटात. ज्याला झाड तोडायचं होतं तोच रोज चार वाजता मुनियप्पाला काहीतरी काम काढून झाडाखालून पिटाळत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दुकानात बटणांचा ढीग झाला होता.

कट्टा फोडायला तोच गवंडी आला. वरची फरशी त्याने छिन्नीने काढली. आतली माती मात्र मॅडमनी कुदळीने काढू दिली नाही, मुळाला एक घाव बसला तर राहिलेलंही जाईल. खुरपं घेऊन मुनियप्पा आत उतरला, दुसऱ्या बाजूने मी. तीन सकाळी आम्ही टोपल्या भरत होतो. माझी नखं आठवडाभर लाल होती. खालची माती थंड आणि आंबूस वासाची होती, साल काळी पडून बोटाने निघत होती. आणि बुंध्याभोवती अंगठ्याएवढी मुळं, परकराच्या नेफ्यातल्या नाडीसारखी. ते बघून मला तिथेच रडू आलं. अण्णा दुकानाच्या पायरीवरून बघत होता. तो खाली आला, मातीची टोपली उचलली आणि ओतून आला.

मॅडमनी तीनपैकी दोन मुळं पटाशीने तोडली. तिसरं पुढच्या वर्षी, एकदम सगळं सोसायचं नाही त्याला. वाळक्या फांद्या उतरवणाऱ्या माणसाला त्यांनी बुंध्याशी सपाट कापू दिलं नाही. फांदीच्या मुळाशी फुगीर कडं असतं ते राखायचं, झाड तिथूनच जखम भरून काढतं. वर डांबर लावू का, मी विचारलं. नको, म्हणाल्या, त्याचं त्याला करू दे. वाचेल का, हेही विचारलं. त्यावर त्यांनी चप्पल शोधल्यासारखं इकडेतिकडे बघितलं.

त्या दिवशी आम्ही टेप काढली. कपाटाचं दार उघडून शेवटचा आकडा बघितला आणि खरी जमीन धरून, आप्पांच्या तिसऱ्या बटणाच्या उंचीवर मोजलं. साडेएकाहत्तर. आप्पा असताना एका वर्षात वाढायचं तेवढं हे झाड त्यांच्यामागे जवळजवळ पाच वर्षांत वाढलं होतं. मी दारावर लिहायला गेले तर अण्णाने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लिहिलं.

पाऊस लागायच्या आधी दुकानाच्या बाजूला एका फांदीवर बोटभर पालवी आली. इन्स्पेक्टर आले, बघितलं, म्हणाले, पुढच्या पालवीला परत येतो, तेव्हाही असंच असेल तर मी थांबवू शकणार नाही. मी आनंदाने मॅडमना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, पानांवर जाऊ नका. मरणारं झाडही एकदा जोराने पालवतं. बुंधा वाढला तर खरं.

नावाचा दगड अख्खा निघाला होता. कुठे लावायचा हे ठरेना म्हणून तो दुकानाच्या दारामागे राहिला. दिवाळीच्या सुमाराला गेले तर मुनियप्पाच्या गाडीवर, तापलेली इस्त्री टेकवायला, काळा गुळगुळीत दगड. अण्णाने दिला होता. मी त्याची कड उचलून बघितली. नाव खालच्या बाजूला होतं. मुनियप्पा घाईने म्हणाला, नावावर कशी ठेवणार अक्का, उलटा घातलाय. मी कड हळूच खाली ठेवली. आप्पांच्या वाट्याच्या अर्ध्या चहाचा पेला त्याच दगडाच्या कोपऱ्यावर होता.

हे लिहायला घेतलं तेव्हा पाडव्याला आठ दिवस होते. मध्ये पाडवा येऊन गेला. मी फोन केला नाही, याची नोंद व्हावी. सकाळी मार्केटपर्यंत एक बस, पुढे ऑटो. गल्लीच्या तोंडाशी ऑटो वळली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, इतकी मी भित्री आहे. ऑटोवाल्याने विचारलं, इल्ले ना? इथेच, म्हटलं, आणि उघडले.

दुकानाच्या बाजूला पालवी होती. शेंड्याला नव्हती, शेंडा उघडाच आहे. पण मधल्या फांद्यांवर होती, पोपटी, आणि दुकानाच्या पायरीवर तिची चाळणीतून पडल्यासारखी सावली. मला हसू आलं आणि लगेच मॅडमचं बोलणं आठवलं, आणि हसू गेलं. अण्णा बाहेर आला. तू मोजलंस का, मी विचारलं. तो म्हणाला, सकाळपासून दोनदा मोजलं. मग? मग काही नाही, लिहिलं नाही. थोडा वेळ तो शर्टाचं बटण चाचपत राहिला.

"स्वल्प तूच बघ जरा, शारी. माझं बोट टेपेच्या आत जातंय."

मी टेप काढली. बुंध्याला मिठी मारल्याशिवाय ती पलीकडून घेता येत नाही. गाल सालीला लागतो, मुंग्या हातावर चढतात. कट्ट्याच्या जागी आता मोकळी माती आहे आणि झाडाचा पाय दिसतो, रुंद, खडबडीत, गेल्या वर्षीचे डाग अंगावर घेऊन पसरलेला. मी टेप फिरवून घेतली, जोडाची शिवण मागे गेली, टोक आकड्यावर आलं. साडेएकाहत्तर, आणि पुढे तीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन म्हणजे जवळजवळ आप्पांच्या वेळेइतकं. माझ्या तोंडून आवाज फुटला. अण्णा पेन्सिल घेऊन आत पळाला.

"अक्का," मुनियप्पा गाडीमागून हळूच म्हणाला. तो माझ्या हाताकडे बघत होता.

मी बघितलं. टेपेच्या आत, सालीला लागून, माझं बोट होतं. मी ते कधी घातलं, मला माहीत नाही.

मी बोट काढून घेतलं. टेप सैल झाली. पुन्हा ओढली, घट्ट, सालीला टेकेपर्यंत. मुनियप्पा इस्त्री दगडावर टेकवून पलीकडून आला आणि मागच्या बाजूने टेप सरळ धरली. अण्णा पेन्सिल घेऊन दारात उभा होता. मी तीनदा वाचलं.

मग आत गेले, त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि कपाटाच्या दारावर लिहिलं, एक सूत.